बेजाच्या तीन जागा

स्टाफरूममध्ये एका सहकाऱ्याने मोबाइल माझ्यापुढे धरला. पोर्तुगालचा नकाशा होता, दक्षिणेकडचे काही जिल्हे गडद रंगवलेले, आणि खाली मराठीत मजकूर: युरोप जागा झाला, आता तुमच्या लोकांची गच्छंती. "तुमच्या" या शब्दावर त्याचं बोट नकळत थांबलं आणि तो ओशाळला. माणूस वाईट नाही. मी म्हटलं, या रंगवलेल्यांपैकी एका जिल्ह्याचं नाव सांग. त्याला येईना.

त्याच संध्याकाळी इशाच्या नमाजनंतर मशिदीच्या ओट्यावर तोच नकाशा दुसऱ्या मजकुरासह फिरत होता. इथे अर्थ वेगळा लावला होता. अंदलूसमधून आपल्याला आठशे वर्षांपूर्वी हाकललं, आता पुन्हा तेच सुरू झालं, ही जुनी सलीबी दुश्मनी आहे, वगैरे. मी तिथेही तोच प्रश्न विचारला. तिथेही उत्तर नव्हतं.

मला उत्तर येत होतं, कारण त्या नकाशातल्या बेजा नावाच्या जिल्ह्यात माझा एक जुना विद्यार्थी राहतो. दहावीला मराठीत त्याला कसाबसा पास केला होता, उर्दूत मात्र त्याचं अक्षर मोत्यासारखं. आता तो तिथल्या समुद्रकिनाऱ्यालगत प्लास्टिकच्या कापडाखाली रास्पबेरी तोडतो. तेव्हापासून मी त्या जिल्ह्याबद्दल मिळेल ते वाचतो आहे. जे वाचलं ते दोन्ही मेसेजच्या विरोधात जातं, म्हणून हा लेख.

आधी नावाबद्दल. उर्दूत "बेजा" म्हणजे अनुचित, जे आपल्या जागी नाही ते. हा निव्वळ योगायोग आहे, अर्थ शोधत बसू नका. रोमनांनी या गावाला पाक्स यूलिया म्हटलं, अरबांनी त्याचं बाजा केलं, पोर्तुगीजांनी बेजा. जिल्ह्यात अशा नावांची रेलचेल आहे. जिल्ह्यातून वाहणाऱ्या ग्वादियाना नदीच्या नावात आपला "वादी" लपलेला आहे.

आता आकार. बेजा हा पोर्तुगालमधला सर्वांत मोठा जिल्हा, सुमारे दहा हजार दोनशे चौरस किलोमीटर. आमचा रत्नागिरी जिल्हा आठ हजार दोनशेचा. पण रत्नागिरीत २०११ च्या जनगणनेत सोळा लाख लोक होते आणि बेजात २०२१ ला १ लाख ४४ हजार. म्हणजे चौरस किलोमीटरला जेमतेम चौदा माणसं. १९५० च्या सुमारास तिथे याच्या जवळपास दुप्पट वस्ती होती. मधल्या काळात लोक लिस्बनच्या कारखान्यांत गेले, फ्रान्सला गेले. आम्हा कोकणवाल्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. २००१ ते २०११ या दहा वर्षांत महाराष्ट्राची लोकसंख्या वाढत असताना रत्नागिरीची घटली. बंद घरं, कुलपावर गंज आणि मे महिन्यात चार दिवस उघडणाऱ्या खिडक्या आम्ही रोज बघतो.

असा हा रिकामा होत गेलेला प्रदेश. पूर्वेला स्पेनची सरहद्द, पश्चिमेला अटलांटिक, मध्ये गव्हाची सपाट माळरानं आणि बुचाच्या ओकची झाडं. कास्त्रो वेर्दे आणि अल्जुस्त्रेल भागात तांब्या-जस्ताच्या खाणी. जिल्ह्यात चौदा नगरपालिका आहेत, आपल्या तालुक्यासारख्या समजा. पण गंमत अशी की पोर्तुगालमध्ये जिल्ह्याला सरकार नसतं. जिल्ह्याला एक गव्हर्नर असायचा, २०११ पासून तीही नेमणूक बंद झाली. नियोजनासाठी विभाग वेगळे आखलेत. त्या हिशेबात चौदापैकी तेरा नगरपालिका एका विभागात आणि चौदावी, ओदेमिरा, किनाऱ्याच्या दुसऱ्याच विभागात. जिल्हा म्हणून त्याचं सगळ्यांत ठळक अस्तित्व निवडणुकीच्या दिवशी दिसतं, कारण संसदेचे मतदारसंघ जिल्ह्यावार आहेत. २३० खासदारांच्या संसदेत बेजाचे किती? तीन.

नकाशा रंगवणाऱ्यांनी लपवलेली गोष्ट इथेच आहे. पोर्तुगालमध्ये आपल्यासारखं "सर्वाधिक मतं तो विजयी" नाही. जिल्ह्यातल्या जागा पक्षांच्या मतांच्या प्रमाणात वाटतात, डॉन्ट नावाच्या बेल्जियन माणसाच्या पद्धतीने. प्रत्येक पक्षाची मतं एकने, दोनने, तीनने भागायची आणि सगळ्यांत मोठे आकडे जागांइतके उचलायचे. समजण्यासाठी काल्पनिक आकडे घ्या: चार पक्षांना शंभरपैकी २८, २६, २० आणि १४ मतं. तीन जागा आहेत, तर २८ ला एक, २६ ला एक, २० ला एक. पहिल्याला दुसरी जागा हवी असेल तर २८ चे निम्मे, १४, हे तिसऱ्याच्या २० पेक्षा जास्त हवेत. ते नाहीत. म्हणजे पहिला आला काय नि तिसरा आला काय, हातात एकच. आणि चौथ्याची १४ मतं कुठेच मोजली जात नाहीत.

१८ मे २०२५ ला बेजात नेमकं हेच घडलं. शेगा हा कडवा उजवा पक्ष पहिला आला, समाजवादी दुसरे, सत्ताधारी उजवी आघाडी तिसरी. प्रत्येकी एक खासदार. चौथे कम्युनिस्ट, त्यांना शून्य. नकाशा मात्र अख्खा एका रंगाचा.

पण यावर समाधान मानणाऱ्यांतला मी नाही. गणिताच्या आड लपण्यात अर्थ नाही. शेगा म्हणजे पोर्तुगीजमध्ये "पुरे झालं". आंद्रे व्हेंतुराने २०१९ ला हा पक्ष काढला, त्या वर्षी एक खासदार, २०२२ ला बारा, २०२४ ला पन्नास, २०२५ ला साठ. साठ म्हणजे संसदेतला दुसऱ्या क्रमांकाचा पक्ष. आणि त्याने बेजासारख्या ठिकाणी पहिलं यावं ही क्षुल्लक गोष्ट मुळीच नाही, कारण बेजा हा कम्युनिस्टांचा गड होता. १९७६ ला क्रांतीनंतरच्या पहिल्या संसदीय निवडणुकीत ते इथे पहिले होते. २०२२ पर्यंत त्यांचा एक तरी माणूस बेजातून जायचाच. २०२४ ला प्रथमच गेला नाही. पुढच्याच वर्षी शेगा पहिला.

लाल गड असा भगदाड पडून का कोसळतो? "मुसलमान आले म्हणून" हे माझ्या सहकाऱ्याचं उत्तर. "इस्लामचा द्वेष म्हणून" हे मशिदीतल्या भाईंचं उत्तर. दोघांच्याही उत्तरात मुसलमानच केंद्रस्थानी, हे माझ्या लक्षात आलं तेव्हा हसू आलं. बेजाचा शेतमजूर आपल्याबद्दल एवढा विचार करत नाही हो.

त्याचा विचार समजायचा तर जमिनीकडे बघावं लागतं. दक्षिण पोर्तुगालमध्ये शेकडो, हजारो हेक्टरच्या जमीनदाऱ्या होत्या आणि गावभर भूमिहीन मजूर. मजुरी हंगामापुरती, तीही मालकाच्या मर्जीने. १९ मे १९५४ ला बेजाजवळच्या बालेइझाँव गावात मजुरीत वाढ मागायला गेलेल्या बायकांमध्ये कातारीना एउफेमिया होती, सव्वीस वर्षांची, तीन मुलांची आई. ग्रामीण पोलीस म्हणून काम करणाऱ्या राष्ट्रीय रिपब्लिकन गार्डच्या लेफ्टनंटने तिला गोळ्या घातल्या. हुकूमशाहीचा काळ, शिक्षा कुणालाच नाही. २०२५ चे निकाल पोर्तुगालच्या वर्तमानपत्रांत छापून आले तो दिवस १९ मे होता. तिच्या मरणाला त्या दिवशी एकाहत्तर वर्षं झाली.

१९७४ च्या क्रांतीनंतर मजुरांनी दक्षिणेत दहा लाखांहून जास्त हेक्टर जमीन ताब्यात घेतली आणि सामूहिक शेतं उभी केली. १९७७ च्या कायद्याने ती मोडायला सुरुवात झाली, पुढच्या काही वर्षांत जमिनी जुन्या मालकांकडे परत गेल्या. लोक निघून गेले ते त्याआधीही आणि त्यानंतरही. मग सरकारने आशा दाखवली ती पाण्याची. ग्वादियानावर अल्केवाचं धरण बांधलं, फेब्रुवारी २००२ ला दरवाजे बंद झाले, अडीचशे चौरस किलोमीटरचा जलाशय झाला. माळरान हिरवं झालं, हे खरं. पण कुणाचं? कुंपणासारख्या ओळीत लावलेली ऑलिव्हची झाडं आली, त्यांच्यावरून यंत्र फिरतं आणि फळं झाडून घेतं. त्यासाठी गाव लागत नाही. बेजाला विमानतळ बांधला, २०११ ला उघडला, तिथे नियमित विमान म्हणून येत नाही. बेजाच्या रेल्वेमार्गावर अजून विजेची तार नाही, लिस्बनहून येणाऱ्याला मध्ये गाडी बदलावी लागते. ज्या माणसाच्या डोळ्यांसमोरून पाणी गेलं, पैसा गेला आणि दवाखान्यात डॉक्टर नाही म्हणून जो शंभर किलोमीटर जातो, त्याला कुणीतरी येऊन "पुरे झालं" म्हणतो, तेव्हा तो ऐकतो. यात मला नवल वाटत नाही. नवल याचं वाटतं की "पुरे" म्हणणारा बोट दाखवतो ते ऑलिव्हच्या मालकाकडे कधीच दाखवत नाही.

व्हेंतुराचं पहिलं बोट होतं जिप्सींकडे. ही जमात पोर्तुगालमध्ये पाचशे वर्षं राहते आहे, त्यातले बहुतेक ख्रिस्ती आहेत. इस्लाम आणि जिप्सी यांचा काय संबंध? काहीच नाही. अंदलूसच्या बदल्याची गोष्ट सांगणाऱ्या माझ्या भाईंनी एवढ्या एका गोष्टीवर विचार करावा. बोट फिरतं राहतं, त्याला फक्त दुबळा माणूस हवा असतो. पुढे ते स्थलांतरितांकडे वळलं. २०२५ च्या शरदात राष्ट्राध्यक्षपदाच्या प्रचारात व्हेंतुराने फलक लावले, "हा बांगलादेश नाही" असे. त्याच ऑक्टोबरच्या १७ तारखेला सार्वजनिक जागी चेहरा झाकण्यावर बंदीचं शेगाचं विधेयक संसदेने पहिल्या टप्प्यात मंजूर केलं. रास्पबेरीच्या मांडवाखाली नेपाळी आहेत, पंजाबी शीख आहेत, बांगलादेशी आहेत, थाई, बल्गेरियन आहेत. बहुतेक पुरुष. चेहरा झाकलाच तर औषध फवारताना.

आता ओदेमिरा. पोर्तुगालमधली क्षेत्रफळाने सर्वांत मोठी नगरपालिका, माझा विद्यार्थी राहतो ती. अल्केवाचं पाणी तिथवर येत नाही, तिथली शेती मीरा नदीवरच्या सांता क्लाराच्या जुन्या धरणावर चालते. किनाऱ्यावर हवा सौम्य, म्हणून प्लास्टिकचे मांडव, आणि त्यातली फळं उत्तर युरोपच्या दुकानांत. मजूर हवेत, गावात माणसं नाहीत, मग आणले. ठेवायचे कुठे? २०१९ ला सरकारने ठराव करून शेतातच कंटेनरची घरं ठेवायला तात्पुरती परवानगी दिली. हे सरकार कुणाचं होतं? अंतोनियो कोस्तांचं. ज्यांच्या वडिलांचं घराणं मडगावचं, घरी ज्यांना बाबुश म्हणत, ज्यांच्या पंतप्रधान होण्यावर गोव्यापासून मुंबईपर्यंत आपण सगळ्यांनी पेढे वाटल्यागत लेख लिहिले. त्यांच्या काळात कागद मिळायची वाट खुली होती, हे मी मान्य करतो. पण माणसाला कंटेनरमध्ये ठेवायचा ठराव कुणा व्हेंतुराने केला नाही, समाजवाद्यांनी केला. शेगा नंतर आला, त्याला घर तयार मिळालं.

२०२१ च्या एप्रिलअखेर करोनामुळे ओदेमिराच्या दोन गावांभोवती नाकाबंदी झाली तेव्हा एका खोलीत किती माणसं झोपतात हे देशाने पहिल्यांदा पाहिलं. त्याच वर्षी डिसेंबरात दूरचित्रवाणीवर चित्रफिती आल्या: रिपब्लिकन गार्डचे जवान आशियाई मजुरांचा छळ करतात, आणि स्वतःच त्याचं चित्रण करतात. सात जणांवर खटला झाला. गार्ड कोणता, वाचकांच्या लक्षात आलं असेल. बालेइझाँवचाच.

कातारीनाच्या नातवंडांनी, पतवंडांनी हे बघून कुणाची बाजू घ्यायला हवी होती? मी त्यांची वकिली करत नाही. गरिबीने माणूस चिडतो, पण चिडून कुणावर धावायचं हे तो स्वतः निवडतो. ज्यांनी शेगाला मत दिलं त्यातले काही चांगलेच वंशद्वेष्टे आहेत आणि तसं म्हणायला मी कचरत नाही. मात्र मला त्यांच्यापेक्षा आपल्या लोकांचा राग जास्त येतो.

आपण इतिहास आठवतो तो सोयीचा. बेजात १०४० च्या सुमारास मोतमिद जन्मला, सेव्हिलचा शायर बादशहा. इक्बालच्या "बाल-ए-जिब्रील"मध्ये त्याच्या कैदेवर नज्म आहे, उर्दूच्या वर्गात मी ती शिकवलेली आहे. वर्ग हळहळतो. मग मी विचारतो, त्याला कैद कुणी केलं? ख्रिश्चनांनी, असं पोरं एका सुरात सांगतात. त्याला गादीवरून ओढला आणि मोरोक्कोत अगमातला नेऊन ठेवला तो यूसुफ बिन ताशफीनने, ज्याला त्याने स्वतः मदतीला बोलावलं होतं. कलमा वाचणाऱ्यानेच. आणि बेजा जिल्ह्यातल्याच मेर्तोलात बाराव्या शतकातली मशीद आहे, तेराव्या शतकात तिचं चर्च झालं. वेदीमागे मेहराब आजही दिसतो, घोड्याच्या नालाच्या आकाराचे दरवाजे शाबूत आहेत. गावकरी दर दोन वर्षांनी तिथे इस्लामी उत्सव भरवतात. ते सगळे आशिकाने-इस्लाम झालेत असं नाही, पर्यटक येतात म्हणून भरवतात. पण द्वेष एवढा सनातन असता तर मेहराब कधीच लिंपला गेला असता.

उलटही सांगतो, म्हणजे माझ्या सहकाऱ्यालाही सुटका नको. याच जिल्ह्यातल्या विदिगेइराचा काउंट कोण होता माहीत आहे? वास्को द गामा. १५१९ ला ही जहागीर त्याला मिळाली आणि कोचीत मेल्यावर त्याची हाडं नेऊन विदिगेइरातच पुरली, १८८० पर्यंत ती तिथेच होती. १५०२ ला मक्केहून परतणारं हाजींचं जहाज त्याने माणसांसकट जाळलं. १५०८ ला आल्मेदाने आमचं दाभोळ बेचिराख केलं. त्यांनी इथे येताना कोणता व्हिसा घेतला होता? "बाहेरचे आले" ही तक्रार निदान या देशाच्या तोंडी शोभत नाही. पण दाभोळचा हिशेब आज साव तेओतोनिओच्या कुणा पेन्शनरकडून वसूल करायचा, असंही मी म्हणणार नाही.

आणि आपल्या आंब्याच्या बागा? रत्नागिरीत मोहोर येण्याच्या आधीपासून नेपाळी माणसं राखणीला येतात, कुटुंबासह, झापाच्या खोपटात राहतात. ओदेमिरातला माझा विद्यार्थी ज्या खोलीत झोपतो त्यात तिघे नेपाळी आहेत. एकाचा मामा आमच्याच तालुक्यात बाग राखायचा, असं त्याने मला कळवलं. त्या मामाला आम्ही काय म्हणायचो? "गुरखा". नाव विचारलं नाही. मीही नाही. बागायतदार हिंदू असो की मुसलमान, खोपट तेच.

बेजाच्या तीन जागांकडे परत येतो. पोर्तुगालमध्ये जागा ठरतात त्या नोंदलेल्या मतदारांवर, राहणाऱ्या माणसांवर नाही. जनगणनेत तो परदेशी मजूर मोजला जातो, करात मोजला जातो, दर महिन्याला त्याच्या पगारातून सामाजिक सुरक्षेचा हप्ता कापतात. मतदारयादीत तो नाही. भारतीय, नेपाळी, बांगलादेशी यांना तिथे नगरपालिकेलाही मत नाही. युरोपीय संघाच्या नागरिकाला, ब्राझीलवाल्याला आहे. म्हणून ओदेमिरात कितीही माणसं आली तरी बेजाची चौथी जागा होत नाही, आणि कोणत्याही पक्षाला त्यांच्या खोलीचं दार वाजवायची गरज पडत नाही. ज्यांच्याविषयी अख्खी निवडणूक लढवली त्यांचं एकही मत त्यात नव्हतं. त्या रविवारी माझा विद्यार्थी कामावर होता. फळ पिकलं की रविवार बघत नाही.

त्याचं प्रकरण अडकलेलं आहे. टुरिस्ट व्हिसावर युरोपात शिरायचं, पोर्तुगाल गाठायचं, काम धरायचं, हप्ते भरायचे आणि मग राहण्याचा परवाना मागायचा, ही वाट जून २०२४ ला सरकारने बंद केली. ज्यांनी आधी अर्ज केला ते लाखो लोक रांगेत. एजंटला दिलेले पैसे त्याच्या अब्बांनी बाग गहाण टाकून उभे केले. परवान्याशिवाय तो घरी येऊ शकत नाही, आला तर परत जाऊ शकत नाही.

मी मास्तर आहे, त्यामुळे बीएलओही आहे. घरोघरी मतदारयादी तपासायचं काम माझ्याकडे. त्याच्या घरी गेलो तेव्हा खालांनी चहा ठेवला आणि मी यादी उघडायच्या आतच म्हणाल्या, "मास्तर, पोराचं नाव कापू नका." नियम मला पाठ आहे. सहा महिने-वर्षभर राहत नसेल तर स्थलांतरित लिहायचं. परदेशातल्या नागरिकासाठी सहा-अ नंबरचा अर्ज वेगळा आहे, त्यासाठी व्हिसा लागलेल्या पासपोर्टच्या पानाची प्रत लागते. त्याच्या व्हिसाची मुदत केव्हाच संपलेली. आणि अर्ज मंजूर झाला तरी मत द्यायला इथे समक्ष यावं लागतं.

खाला म्हणाल्या, "तिथे त्याला मत नाही म्हणतो. इथेही नको?"

मी चहा प्यायलो. त्या नावापुढचा रकाना त्या दिवशी कोरा ठेवला आणि पुढच्या घरी गेलो.